फुकटातला लिनक्स आणि धंद्याचा भरवसा

कंपनीत नवा सर्व्हर उभा करायचा विषय निघतो, तांत्रिक टीममधलं कुणीतरी 'डेबियन टाकू' म्हणतं (डेबियन म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा फुकट मिळणारा एक संच), आणि टेबलाच्या पलीकडून हमखास प्रश्न येतो: याचे पैसे कुणाला द्यायचे? 'कुणालाच नाही' हे उत्तर ऐकून समोरचा चेहरा खुलायच्या ऐवजी पडतो. जो पैसेच घेत नाही तो अडीअडचणीला फोन कशाला उचलेल, ही त्यामागची शंका. ती अगदी रास्त आहे. 'फुकटचं ते पौष्टिक' हा नियम जेवणावळीत चालतो, पगाराचा डेटाबेस त्यावर ठेवता येत नाही.

या शंकेला लिनक्सवाले सहसा जे उत्तर देतात ते मात्र अपुरं असतं. जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो, असं ते सांगतात. गोष्ट खरी आहे, पण ती लिनक्सच्या गाभ्याबद्दल आहे, म्हणजे कर्नलबद्दल. कर्नल लिहिणाऱ्यांत बहुसंख्य लोक इंटेल, रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत. तुम्ही लिनक्स विकणाऱ्या रेड हॅटला पैसे मोजा किंवा डेबियन फुकट उतरवून घ्या, आत धावणारा कर्नल मूळचा एकाच घरचा. त्यामुळे कर्नल विश्वासाचा आहे का, हा वाद बाजूला ठेवू.

वाद डिस्ट्रोचा आहे. डिस्ट्रो म्हणजे कर्नलभोवती हजारो प्रोग्रॅम निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून दिलेला संच. हा संच बनवणं त्यामानाने सोपं असतं. हौशी माणूस सुटीच्या दोन दिवसांतही एखादा डिस्ट्रो तयार करू शकतो, आणि करतातही. अवघड असतं ते पुढचं काम: त्या हजारो प्रोग्रॅममध्ये कुठे सुरक्षेची फट सापडली की ती बुजवून, बाकी काही न मोडता, तो पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, सगळ्यांपर्यंत पोचवायचा. तेही आज, पुढच्या महिन्यात आणि पाच वर्षांनंतरसुद्धा. धंद्यासाठी 'भरवसा' म्हणतात तो या कंटाळवाण्या कामाचा असतो. डेस्कटॉप किती देखणा दिसतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे काम करतं कोण

इथे सगळ्या फुकट डिस्ट्रोंना एकाच माळेत ओवलं जातं आणि घोटाळा होतो. उबुंटू फुकट आहे, पण तो कॅनॉनिकल या कंपनीचा आहे. फेडोरामागे रेड हॅट उभी आहे, ओपनसुसेमागे सुसे. डेबियनचा मालक कुणीच नाही. आल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे रेड हॅटच्या पैसे देऊन घ्यायच्या डिस्ट्रोशी सुसंगत राहून फुकट मिळणारे. आणि या सगळ्यांच्या खाली शेकडो छोटे डिस्ट्रो, त्यांतले कित्येक एकदोन माणसांच्या उत्साहावर चालणारे.

डेबियनकडे जरा बारकाईने बघू, कारण समुदायाने चालवलेला डिस्ट्रो कसा असावा याचा तो नमुना आहे. इयान मर्डॉक यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला. प्रकल्पाची लिखित घटना आहे, नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो, मत द्यायचा अधिकार कुणाला आहे हेही ठरलेलं आहे. प्रत्येक पॅकेजला, म्हणजे संचातल्या एकेका प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याला, नावानिशी जबाबदार मेंटेनर (सांभाळणारा) असतो आणि सुरक्षेसाठी वेगळी टीम आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. एवढा पसारा स्वयंसेवकांनी कागदोपत्री नियमांवर तीस वर्षं ओढला, हे मला तरी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलकं वाटतं. पुष्कळ कंपन्यांना एवढं आयुष्य लाभत नाही.

नवं प्रोग्रॅम डेबियनमध्ये आधी 'अनस्टेबल' शाखेत येतं, तिथे काही दिवस टिकलं तर 'टेस्टिंग'मध्ये सरकतं, आणि साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून, चुका काढून 'स्टेबल' आवृत्ती जाहीर होते. एकदा स्टेबल झालं की आतल्या प्रोग्रॅमचे आवृत्ती-क्रमांक सहसा बदलत नाहीत. नवी सुरक्षा दुरुस्ती आली की ती मागच्या आवृत्तीत कलम करून बसवली जाते; याला बॅकपोर्ट म्हणतात. सवयीने नव्याची हौस असलेल्या माणसाला डेबियन स्टेबल शिळा वाटतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो शिळेपणाच हवा असतो. गेल्या मंगळवारी जे चाललं ते येत्या मंगळवारी तसंच चाललं पाहिजे, एवढीच त्याची माफक अपेक्षा.

प्रत्येक स्टेबल आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन टीमकडून, अशी एकूण पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. या पुढच्या दोन वर्षांची सोय २०१४ मध्ये सुरू झाली, आणि ती निव्वळ स्वयंसेवेवर चालत नाही. फ्रीएक्सियन नावाची कंपनी वेगवेगळ्या उद्योगांकडून वर्गणी गोळा करून डेव्हलपरांना या कामाचे पैसे देते. वर्गणी देणाऱ्यांत तोशिबासारखी नावं आहेत. वीजकेंद्रं आणि रेल्वेची यंत्रं बनवणाऱ्यांना पॅच थांबून चालणार नसतं. म्हणून ते ज्या फुकट गोष्टीवर अवलंबून आहेत तिच्यात स्वतःहून पैसे घालतात. समुदाय म्हणजे रात्री जागणारे बिनपगारी विद्यार्थी, हे चित्र केव्हाच जुनं झालं.

वापरणाऱ्यांची यादीही लहान नाही. विकिपीडियाचे सर्व्हर डेबियनवर चालतात. गुगलच्या इंजिनिअरांच्या मशीनवरचा अंतर्गत लिनक्स डेबियनवरून बेतलेला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपवर २०१३ मध्ये डेबियन बसवला गेला. अर्थात अशा नावांना फार भुलू नये. गुगलकडे जेवढे तज्ज्ञ आहेत तेवढे तुमच्याकडे नाहीत, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

चुका होतात, दोन्हीकडे

समुदायाचं कौतुक करताना २००८ लपवून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या दोन ओळी काढल्या, कारण चुका शोधणारं एक साधन त्यांवर तक्रार करत होतं. त्या ओळींबरोबर गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी अंदाज न बांधता येणारी संख्या पुरवण्याची जवळपास सगळी क्षमताच गेली. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर बनलेली किल्ली एका प्रकारात फक्त ३२,७६८ पैकी एक असायची. सगळ्या शक्यता तपासायला साधा संगणकही पुरे. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. मधले जवळपास वीस महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. 'कोड उघडा आहे म्हणजे हजार डोळे बघताहेत' हे वाक्य ऐकलं की मला हे वीस महिने आठवतात. डोळे असतात, पण ते बघत असतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट २०२४ ची. फाइल लहान करणाऱ्या एक्सझेड या छोट्या लायब्ररीचा (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा कोडचा) मेंटेनर एकटा आणि थकलेला होता. 'जिया तान' या नावाच्या कुणीतरी दोनेक वर्षं खपून त्याचा विश्वास कमावला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरने तो उघड केला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलातून तो तिथपर्यंत पोचला होता.

या घटनेचे दोन्ही बाजूंनी अर्थ लावले जातात. धंद्याच्या दृष्टीने मला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. चोरदरवाजा डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या चाचणी आवृत्तीत, ओपनसुसेच्या सतत नवं देणाऱ्या टम्बलवीडमध्ये पोचला होता. डेबियन स्टेबलमध्ये आणि रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत पोचला नव्हता. एक फुकट, एक पैशांचा. वाचवलं दोघांनाही संथपणाने. म्हणून सतत नवं देणारे आर्चसारखे डिस्ट्रो कितीही चांगले असले, तरी कामाच्या सर्व्हरवर त्यांना जागा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनिअरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल चालवावेत.

आणि पैसे मोजले म्हणजे अनर्थ टळतो का? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली अंदाजे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. विमानं जमिनीवर, रुग्णालयांचं काम ठप्प. मायक्रोसॉफ्टचं लायसन्स आणि क्राउडस्ट्राइकची वर्गणी, दोन्हींचे पैसे तिथे चुकते झालेले होते. नुकसानभरपाईचं म्हणाल तर सॉफ्टवेअरच्या करारात कंपनीची जबाबदारी बहुधा तुम्ही भरलेल्या रकमेच्या आसपासच थांबवलेली असते. करार सहीआधी वाचणारे कमी, म्हणून हे उशिरा कळतं.

किल्ल्या कुणाच्या हातात

सॉफ्टवेअर उत्तम असूनही डिस्ट्रो दगा देऊ शकतो, आणि याचा सर्वात महागडा धडा सेंटओएसने दिला. रेड हॅटची हुबेहूब फुकट प्रत म्हणून २००४ पासून तो लोकप्रिय होता. असंख्य होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, बँका त्यावर निर्धास्त होत्या. २०१४ मध्ये रेड हॅटने प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला, तेव्हा पुष्कळांना बरंच वाटलं: आता मागे मोठी कंपनी आहे. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ ऐवजी ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. सात वर्षांहून जास्त काळ कापला गेला, हातात उरलं एक वर्ष. गंमत म्हणजे जुना सेंटओएस ७ आपल्या ठरल्या मुदतीप्रमाणे जून २०२४ पर्यंत चालला. उत्साहाने नव्यावर गेलेल्यांची फजिती झाली, आळस केलेले तरले.

हे समुदायाचं अपयश म्हणून सांगितलं जातं. माझ्या मते उलट आहे. नाव समुदायाचं होतं, ट्रेडमार्क आणि निर्णय एका कंपनीकडे होते. त्यानंतर जे घडलं ते मात्र समुदायाचं बळ दाखवणारं होतं. सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी लगेच रॉकी लिनक्सची घोषणा केली, क्लाउडलिनक्स कंपनीने आल्मालिनक्स सुरू करून तो ना-नफा फाउंडेशनकडे सोपवला, आणि २०२१ च्या मध्यापर्यंत दोन्ही वापरायला तयार होते. बहुतेकांना नवं इन्स्टॉलेशनसुद्धा करावं लागलं नाही, स्क्रिप्ट चालवून आहे तोच सर्व्हर पलीकडे नेता आला. कोड सगळ्यांचा असल्यामुळेच हे शक्य झालं. बंद सॉफ्टवेअरच्या कंपनीने असा निर्णय घेतला असता तर ग्राहकांना हात चोळत बसावं लागलं असतं.

तरी धोका पूर्ण गेलेला नाही. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यावसायिक आवृत्तीचा सोर्स (मूळ कोड) जाहीरपणे देणं आखडतं घेतलं. आल्माने हुबेहूब नक्कल सोडून 'त्यावर चालणारं प्रोग्रॅम आमच्यावरही चाललं पाहिजे' एवढंच ध्येय ठेवलं. रॉकीने नकलेचा मार्ग सोडला नाही, सोर्स मिळवायच्या वाटा बदलल्या. दोघेही ठणठणीत आहेत. युरोपातली सर्न आणि अमेरिकेतली फर्मीलॅब या प्रयोगशाळांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या प्रयोगांसाठी आल्माची शिफारस केली होती. पण या डिस्ट्रोंचं भवितव्य काही अंशी दुसऱ्याच्या धोरणाला बांधलेलं आहे, ही जाणीव ठेवूनच ते निवडावेत. डेबियनला हा पाश नाही.

कंपनी मागे असणं आणि नसणं याची आणखी दोन टोकं बघा. इंटेलने स्वतः बनवलेला क्लिअर लिनक्स जुलै २०२५ मध्ये बंद केला, आणि त्या दिवसापासूनच सुरक्षा पॅच थांबले. याउलट फ्रान्समधली मँड्रिव्हा ही लिनक्स कंपनी २०१५ मध्ये बुडाली, पण तिच्या माजी कर्मचाऱ्यांनी २०१० मध्येच वेगळा काढलेला मॅजिया हा समुदायाचा डिस्ट्रो कंपनीमागेही जगला.

म्हणून डिस्ट्रो निवडताना 'फुकट की विकत' याच्या आधी विचारायचं ते असं: नाव, सर्व्हर आणि पॅकेजवर डिजिटल सही करायच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? त्या एका माणसाकडे असतील तर तो आजारी पडला किंवा त्याचा रस संपला की काय होणार? सेंटओएसमध्येच २००९ साली एक प्रमुख व्यक्ती संपर्काबाहेर गेल्यामुळे बाकीच्या सदस्यांना तिला उद्देशून जाहीर पत्र लिहावं लागलं होतं, कारण डोमेन तिच्या ताब्यात होतं. एकखांबी तंबू कितीही सुंदर असला तरी धंदा त्याखाली मांडू नये.

जिथे पैसे मोजावेच लागतात

काही ठिकाणी तांत्रिक गुणवत्तेचा प्रश्नच येत नाही, कागद लागतो. सॅप या व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपनीचा हाना डेटाबेस सुसे किंवा रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्त्यांवरच प्रमाणित आहे. ओरॅकलचा डेटाबेसही प्रमाणित डिस्ट्रोंच्या छोट्या यादीतच चालवायचा असतो, त्यात डेबियन नाही. तिथे हट्टाने डेबियन टाकला तर तो चालेलही, पण पहिली अडचण आली की विक्रेता म्हणेल 'आधी प्रमाणित सिस्टीमवर या, मग बोलू', आणि त्याचं चूक नसेल. अमेरिकी सरकारी कामासाठी एफआयपीएस या तिथल्या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित कूटलेखन लागतं, तीही अशीच अट.

ऑडिटचा एक त्रास मात्र विनाकारण होतो. ऑडिटरचं त्रुटी शोधणारं स्कॅनर अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रॅमचा आवृत्ती-क्रमांक वाचतं, तो जुना दिसतो, आणि अहवालात लाल रंगात दहा 'गंभीर' त्रुटी येतात. प्रत्यक्षात त्या दुरुस्त्या बॅकपोर्ट होऊन कधीच आलेल्या असतात, क्रमांक तेवढा जुना आहे. रेड हॅटबाबतीतही हेच घडतं. डेबियनचा सुरक्षा ट्रॅकर सार्वजनिक आहे. त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (प्रत्येक जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख-क्रमांक) टाकून कोणत्या आवृत्तीत ती बुजवली हे छापून ऑडिटरपुढे ठेवता येतं.

उबुंटूबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं फुकट सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, पण हे आश्वासन 'मेन' विभागातल्या पॅकेजांना आहे. त्याहून कितीतरी मोठा 'युनिव्हर्स' विभाग समुदायाच्या सवडीवर असतो, आणि तिथल्या दुरुस्त्यांची कॅनॉनिकलची हमी उबुंटू प्रोच्या वर्गणीत येते. तुमचा सर्व्हर नेमका कुठल्या विभागातल्या पॅकेजांवर उभा आहे, हे तपासायला फार वेळ लागत नाही. बहुतेक जण तपासतच नाहीत.

राहिला फोन उचलण्याचा मुद्दा. समुदाय पॅच देईल, कागदपत्रं देईल, चांगला प्रश्न विचारला तर चांगलं उत्तरही देईल. पण पहाटे तीनला तुमचा डेटाबेस उठेनासा झाला तर तो बांधील नाही. ती बांधिलकी विकतच घ्यावी लागते, फक्त ती डिस्ट्रोच्या मालकाकडूनच घ्यायला हवी असं नाही. डेबियनच्या संकेतस्थळावर देशवार सल्लागारांची यादी आहे, आल्मा आणि रॉकीसाठी सपोर्ट विकणाऱ्या कंपन्या आहेत. किंवा तुमच्याकडे लिनक्स नीट जाणणारा माणूस हवा, खरं तर दोन, कारण एक रजेवर जातो. लायसन्सचे वाचलेले सगळे पैसे नफ्यात दाखवले आणि माणूस नेमलाच नाही, तर फुकटचा डिस्ट्रो महागात पडतो. मग ज्याला संगणकातलं थोडं कळतं त्या अकाउंट्सवाल्यावर सर्व्हर येतो, अपडेट रामभरोसे राहतात, आणि पुढे काही झालं की दोष लिनक्सच्या माथी.

ज्या छोट्या कंपनीत असा माणूस नाही आणि ठेवायचीही तयारी नाही, तिने स्वतःचा सर्व्हरच सांभाळू नये, तयार सेवा भाड्याने घ्यावी. तिथे डिस्ट्रोचा वाद गैरलागू आहे. ज्यांच्याकडे माणूस आहे त्यांनी वेबसाइट, फाइल सर्व्हर, अंतर्गत साधनं, पोस्टग्रेससारखे डेटाबेस यांच्यासाठी डेबियन किंवा आल्मा बिनधास्त घ्यावा. विक्रेत्याचा कागद लागतो तेवढ्या दोनचार मशीनना पैशांचा डिस्ट्रो द्यावा. अशी सरमिसळ करणं कमीपणाचं नाही, उलट तेच बहुतेक जाणत्या ठिकाणी दिसतं.

कर्मचाऱ्यांच्या टेबलावरचे संगणक हा वेगळाच विषय. म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवून सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिसदलाने २००५ मध्ये आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर आणि ईमेल, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून उबुंटू आणला. तो अजून चालतो आहे. दोन्हीकडे डिस्ट्रो मोडल्याची तक्रार मुख्य नव्हती. डेस्कटॉपवर अडतं ते जुन्या फॉर्मवर, मॅक्रोवर, एखाद्या प्रिंटरवर आणि लोकांच्या सवयीवर.

अजूनही मन साशंक असेल तर एक तपासणी करून बघण्यासारखी आहे. तुम्ही वापरता त्या एखाद्या प्रोग्रॅममधली गेल्या वर्षातली गंभीर त्रुटी घ्या. ती जाहीर कधी झाली आणि तुमच्या मनातल्या डिस्ट्रोने पॅच कधी दिला, या दोन तारखा शोधा. असं चारपाच त्रुटींबाबत करा. मोठ्या डिस्ट्रोंमध्ये बहुधा फरक दिवसांत मोजता येईल इतका असतो. छोट्या डिस्ट्रोत काही वेळा दुसरी तारीख सापडतच नाही. मग त्याच कागदावर तिसरी तारीख लिहा, तो पॅच तुमच्या सर्व्हरवर प्रत्यक्षात कधी बसला ती. या दोन अंतरांपैकी कुठलं जास्त भरतं, ते बघून पुढची बैठक बोलवा.